उतरलेले अकरा किलो

माझं वजन कमी होऊ लागलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी दोष दुसऱ्यावर ढकलते आहे.

मी सुगुणा. तंजावरच्या एका शाळेत हिंदी शिकवत होते. आमचं घर मराठी, पण आमच्यातल्या फार थोड्यांना मराठी वाचता येतं. मला येतं ते हिंदीमुळे, अक्षरं तीच म्हणून. आमची घरची मराठी ऐकून पुण्याकडचे नातेवाईक हसतात, त्यामुळे इथे जरा जपून लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर हात भराभर चालला असता. पण या आजारात घरात जी भांडणं झाली, जी बोलणी झाली, ती मराठीतच झाली. ती दुसऱ्या भाषेत नीट उतरणार नाहीत.

बावन्नाव्या वर्षी माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर मी थांबायचे आणि हातातल्या वह्या चाळल्यासारखं करायचे, धाप लागली आहे हे मुलांना कळू नये म्हणून. गुडघे दुखायचे. साखर काठावर आली होती. माझे यजमान, श्रीनिवास राव, पोस्टातून निवृत्त झालेले. ते गमतीनं म्हणायचे, "रिक्षावाल्यानं तुला बघून पुढची दोन माणसं घेतलीच नाहीत." मी हसायचे. हसून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे.

मागच्या गल्लीत माझी अक्का राहते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर पापनाशमचं घर बंद करून ती आमच्याजवळ आली. तिचा मुलगा कोइम्बतूरला असतो. आम्हां दोघांना मूल नाही. तेव्हा अक्का आणि आम्ही दोघं, एवढंच आमचं कुटुंब.

आमच्या घराजवळ एक कल्याण मंडपम आहे. लग्न नसेल त्या दिवशी तिथे सकाळी साडेपाचला योगाचा वर्ग भरायचा. एकटीला लाज वाटेल म्हणून मी अक्काला बरोबर ओढलं. शिकवणाऱ्या सेल्वी टीचर चाळिशीच्या, काटक, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचा एकच शब्द सारखा कानावर यायचा : "मेदुवा, मेदुवा." हळू, हळू. पहिल्या आठवड्यात खाली वाकले तर माझे हात गुडघ्यांच्या पुढे जाईनात. अक्का शेजारच्या चटईवर बसून हसत सुटली आणि हसताना तिच्याच पोटरीत गोळा आला.

महिन्याभरात माझं जिन्याच्या वळणावर थांबणं बंद झालं. हे खरं आहे आणि ते योगामुळेच झालं. गुडघे सैल पडले. झोप लागू लागली. साखर खाली आली. दर महिन्याच्या सुरुवातीला टीचर सगळ्यांचं वजन करायच्या. पहिल्या महिन्यात माझं दीड किलो उतरलं, दुसऱ्यात जेमतेम दीड. टीचर म्हणाल्या, "असंच हवं. घाई नको."

मग ते भराभर उतरू लागलं.

*

तिसऱ्या महिन्यापासून मला दोन इडल्या खाल्ल्या की पोट गच्च व्हायचं. मी अभिमानानं सांगत फिरले की योगानं माझी भूक ताब्यात आली. पाठ दुखायची, वाटलं, कालचं आसन जास्त ताणलं. वर्गाच्या मधे दोनदा बाथरूमला जावं लागे; वाटलं, पाणी जास्त पिते आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर योग हेच होतं.

पाच महिन्यांत अकरा किलो. शाळेत शिक्षिका मला गाठून विचारायच्या, काय खातेस, कोणती आसनं करतेस. शिंप्याकडे सगळे ब्लाऊज आत घ्यायला टाकले. यजमान पहिल्यांदा म्हणाले, "लग्नात होतीस तशी दिसूं लागलीस." अक्काचं तोवर चारच किलो उतरलं होतं. ती चिडून म्हणायची, "मी तुझ्याहून कमी खातें गे. तरी तूंच कशी उतरतेस?"

फक्त पोट जात नव्हतं. हात बारीक झाले, गळ्याची हाडं वर आली, पोट तेवढंच. म्हणून मी पोटाची आसनं वाढवली. सगळे गेल्यावर थांबून पुन्हा करायचे.

एक दिवस आम्ही पालथ्या झोपलो होतो, भुजंगासनासाठी. सेल्वी टीचर रांगांमधून फिरत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. वर्ग संपल्यावर त्यांनी मला आडोशाला नेलं आणि तमिळमध्ये विचारलं, "मिस, पालथं झोपल्यावर तुमचं पोट पसरत का नाही?"

"म्हणजे?"

"चरबीचं पोट जमिनीवर पसरतं. तुमचं चेंडूसारखं राहतं. तुम्ही त्याच्यावर डुलता. मी तीनदा बघितलं." त्यांनी विचारून माझ्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "उद्या वर्गाला येऊ नका. डॉक्टरकडे जा. स्कॅन करा. करून मग या."

मी घरी येऊन सांगितलं. यजमान म्हणाले, "गॅस असेल. ती काय डॉक्टर आहे?" मलाही तेच ऐकायचं होतं. शाळेत परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. मी तीन आठवडे गेले नाही. टीचरनी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी मी तो उचलला नाही.

*

स्कॅन करणारी मुलगी बोलकी होती. कुठल्या शाळेत, कोणता विषय, असं विचारत होती. यंत्र पोटावर फिरवता फिरवता ती मधेच गप्प झाली. मी विचारलं, "काय झालं अम्मा?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील, मिस." वर्गात इतकी वर्षं काढल्यावर मुलीचा चेहरा वाचता येतो. मला तिथेच कळलं.

तिथून आम्हांला तिरुच्चीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. डॉक्टरीण माझ्याच वयाच्या. त्यांनी सरळ सांगितलं : अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला, पोटात पाणी झालेलं. त्यांनी विचारलं, "वजन इतकं उतरलं, खाणं कमी झालं, तुम्हांला शंका आली नाही?"

मी म्हणाले, "मी योग करत होते."

त्या लिहीत राहिल्या.

त्याच दिवशी सुईनं पोटातलं पाणी काढलं. पाच लिटर. बाटल्या भरत होत्या आणि यजमान भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या दिवशी वजन केलं तर अडुसष्ट. मी इतकी वर्षं ज्या आकड्याची आशा धरली होती तो समोर काट्यावर होता, आणि मला उभं राहायला भिंत धरावी लागत होती.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या पुलाजवळ यजमानांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून उलटी केली. पुन्हा आत बसल्यावर म्हणाले, "अस्कं ठीक होईल." अस्कं म्हणजे सगळं, आमच्या घरच्या बोलीत. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंडपात गेले. अक्का तिथे होती, तिनं मला नंतर सांगितलं. तीस बायकांसमोर ते सेल्वी टीचरवर ओरडले. "वजन उतरलं म्हणून टाळ्या वाजवल्यात ना? माझी बायको मरत होती आणि तुम्ही तिला पोटावर झोपवत होता!" टीचर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच मला डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. एवढंच म्हणाल्या, "सार, मला दोन महिने आधी दिसायला हवं होतं."

मी हे ऐकलं आणि यजमानांना म्हणाले, "अहो, त्यांनी सांगितलं होतं. मी गेले नाही. तुम्हीही गॅस म्हणालात." ते उठून बाहेर गेले. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो.

*

आधी तीनदा औषध, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीनदा औषध, असं ठरलं. दर एकवीस दिवसांनी तिरुच्ची. सकाळची बस, कारण गाडीत मला मळमळायचं आणि बसमध्ये खिडकी मिळायची. तिथे पोचल्यावर पहिलं काम वजन. औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. मग रक्त, मग वाट बघणं, मग शीर शोधणं. माझ्या शिरा पहिल्या दोन वेळांतच लपायला शिकल्या. नर्स हातावर चापट्या मारत राहायची आणि मी डोळे मिटून चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर असं मोजत राहायचे. शीर सापडायला त्याची मदत होत असेल किंवा नसेल. माझा हात कमी थरथरायचा, एवढं नक्की.

केस सोळाव्या दिवशी गेले. तोंडाला लोखंडाची चव. पायाच्या बोटांना मुंग्या, जमीन आहे की नाही ते कळायचं नाही. या गोष्टी तुम्हांला कुणी ना कुणी सांगेलच. कुणी सांगत नाही ते असं की या सगळ्यात माणूस फार स्वार्थी होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रिपोर्ट वाईट आला की आधी भीती वाटते आणि तिच्या पाठोपाठ एक हलकी सुटका, की तो माझा नव्हता. मला हे वाटलं आहे.

ती शेजारची बाई म्हणजे कामाक्षी. तिरुवैयारूच्या पलीकडच्या गावची, भातलावणीला जाणारी, पंचेचाळिशीची. आमचे दिवस एकच पडायचे. ती मला टीचरम्मा म्हणायची. माझं मोजणं बघून तिनं विचारलं, "हे काय करता?" मी शिकवलं. ती दोन खेपांत माझ्यापेक्षा चांगलं करू लागली.

"टीचरम्मा, यानं गाठ जाईल का?"

"नाही जाणार. गाठ औषधानंच जाईल, गेली तर. यानं सुई सोसेल."

"तेवढं पुरे," ती म्हणाली.

नातेवाइकांचे फोन यायचे. एक चुलत नणंद सांगायची, औषध बंद कर, रोज तासभर कपालभाती कर, गाठी विरघळतात. यजमानांनी एकदा फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला साखर आहे ना? त्याची गोळी बंद कर आधी. मग आम्हांला सांग." त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्या दिवशी मला ते आवडले.

*

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. गर्भाशय, अंडाशय, पोटातला पडदा, जे जे काढता येईल ते काढलं. छातीच्या खालपासून थेट खालपर्यंत टाके. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, उठून बसा. मी डोकं उचललं आणि अशी किंचाळले की बाहेरून माणसं धावली.

त्या दुपारी सेल्वी टीचर आल्या. तंजावरहून बसनं, एकट्याच. यजमान खुर्चीवर बसले होते. मंडपातल्या त्या सकाळनंतर दोघं पहिल्यांदाच समोर येत होते. यजमान उठले, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि बाहेर निघून गेले. त्यांच्याकडून माफी म्हणजे एवढीच.

टीचर माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मिस, शवासनातून आपण कसं उठतो?"

"गुडघे वाकवून," मी म्हणाले. "कुशीवर वळून. मग हाताच्या जोरावर."

"मग डोकं आधी का उचललंत? मेदुवा."

गुडघे वाकवले. श्वास सोडत कुशीवर वळले. वरचा हात गादीवर टेकला. दुखलं, फार दुखलं, पण मी बसले. टीचरनी माझ्या पायांना हात लावला आणि घोटे फिरवायला लावले, दर तासाला वीसदा, रक्त साकळू नये म्हणून. तेच नंतर इस्पितळाच्या व्यायामवाल्या बाईनंही सांगितलं. पाच महिने त्या चटईवर जे केलं होतं ते वाया गेलं नव्हतं. वजन उतरवण्यासाठी केलं होतं; कामाला आलं ते बसायला, उठायला, शौचाला जायला.

पुढच्या औषधाच्या खेपेला कामाक्षीची खाट दुसऱ्याच बाईला दिलेली होती. वाटलं, तिचा दिवस बदलला असेल. त्याच्या पुढच्या खेपेला मी नर्सला विचारलं. कामाक्षी लागोपाठ दोन खेपा आली नव्हती. लावणीचे दिवस होते, आणि तिनं घरी सांगितलं होतं की टीचरम्मानं शिकवलेल्या श्वासानं आता बरं वाटतं, थोडं उशिरा गेलं तरी चालेल. आणली तेव्हा पोट पाण्यानं भरलं होतं. चार दिवसांनी गेली.

मी तिला खरं तेच सांगितलं होतं. गाठ जाणार नाही असं माझ्या तोंडानं सांगितलं होतं. तरीही बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक मी तिला जितका ठासून सांगायला हवा होता तितका सांगितला नाही. मला तरी तो कुठे कळला होता?

*

घरी यजमान मला रोज वजनकाट्यावर उभं करायचे. ज्या माणसानं रिक्षावाल्याची गंमत केली होती तोच आता रसम-भातावर तुपाचा डाव ओतायचा आणि समोर बसून घास मोजायचा. अक्का स्वयंपाक करायची आणि चिडायची. "तिला जेवढं जातें तेवढं जाऊं द्या."

"तुम्ही मधें बोलूं नका, अक्का. तुमच्या नादानं ती त्या वर्गाला गेली."

"माझ्या नादानं?"

नाद माझा होता, अक्काला मीच नेलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. अक्कानं डाव खाली ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, डाळ शिजायला लावली. यजमानांनी तिच्यासाठी कॉफी केली. असे तीन-चार प्रसंग झाले. आजारी माणसाला घरातली भांडणं खाटेवरून नुसती ऐकावी लागतात. उठून दार लावण्याचीही ताकद नसते.

औषध संपलं. रक्तातला आकडा खाली आला. डॉक्टरीण हसल्या, पण लगेच म्हणाल्या, एक तपासणी करू, हा आजार घराण्यातून आलाय का ते बघायला. आला होता. "तुमच्या बहिणीनं तपासून घ्यावं," त्या म्हणाल्या.

अक्का म्हणाली, नाहीं. पाच-सहा महिने हेच म्हणत राहिली.

या सगळ्या काळात ती वर्गाला जात राहिली होती. सकाळी वर्ग करायची आणि मग आमच्याकडे यायची. दीड वर्षात तिचं नऊ किलो उतरलं. हळूहळू, एखाद्या महिन्यात काहीच नाही, एखाद्या महिन्यात थोडं वाढलेलंही. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. ती ताठ चालू लागली होती. सगळे कौतुक करायचे. मला तिच्या सैल झालेल्या बांगड्या बघवत नव्हत्या.

"अक्का, भूक लागते का तुला?"

"घोड्यासारखी."

"पोट गच्च होतं का? पाठ दुखते?"

"सुगुणा, मी उतरलें तें योगानं उतरलें. तुझ्या नजरेनं बघूं नको मला."

शेवटी मी तिच्याशी बोलणं सोडलं. नऊ दिवस. ती यायची, स्वयंपाक करायची, मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "चल. कुठें रक्त द्यायचें तें सांग."

तिचं स्कॅन साफ होतं. नऊ किलो खरोखर योगाचे होते. पण माझ्या रक्तात होता तोच घराण्याचा दोष तिच्याही रक्तात निघाला. डॉक्टरीण म्हणाल्या, आत्ता काही नाही, पण अंडाशय काढून टाकावेत. अक्का बाहेर आल्यावर फुटली. "साठीनंतर, कांही दुखत नसतांना, धडधाकट पोट कापून घेऊं?"

मी म्हणाले, "माझं धडधाकटच वाटत होतं."

तिनं करून घेतलं. लहान ऑपरेशन, चार छोटी भोकं. उठताना मी तिच्या कुशीला हात लावून होते. रिपोर्ट स्वच्छ आला. यजमान इस्पितळाच्या आवारात एका झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि रुमालात तोंड घालून रडले. माझ्या आजारात ते एकदाही रडले नव्हते.

*

आता जे मला सांगायचं आहे ते सांगते. योग करा. माझं ऐकून सोडू नका. तो शरीर मोकळं करतो, धाप कमी करतो, बेतानं खाण्याची सवय लावतो, आणि वजनही उतरवतो, पण ते बेतानं. न सांगता भराभर उतरू लागलं, थोड्यात पोट भरू लागलं, तर आरशात बघून खूश होऊ नका. डॉक्टरला दाखवा. आणि कुणी तुमच्या शरीराकडे नीट बघून काही सांगत असेल तर त्याचा फोन उचला.

मी पुन्हा वर्गाला जाऊ लागले होते. मागच्या रांगेत, खुर्चीवर. औषध संपल्यापासून आठ महिने बरे गेले. मग तपासणीत रक्तातला आकडा चढला. पुढच्या महिन्यात आणखी. स्कॅनमध्ये दोन गाठी.

डॉक्टरीण म्हणाल्या, दुसरं औषध आहे. काही महिने मिळतील, कदाचित वर्षं. बरं होणं हा शब्द त्यांनी वापरला नाही. मी घरी येऊन यजमानांना म्हणाले, "मला आता नको." त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. "तुझी मर्जी," म्हणाले. आणि मग, "मला भय वाटतें, सुगुणा." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. पण निर्णय बदलला नाही.

अक्काला आम्ही सांगितलं नाही. तिचे टाके अजून ओले होते. पण यजमानांना गुपित ठेवता येत नाही. बारा दिवसांनी, दुपारी, मी भाजी निवडत बसले होते तेव्हा ती आली. चप्पल न काढता थेट आत.

"औषध नको म्हणालीस?"

"अक्का, मी दमले."

"मी दमलें नव्हतें? मला कांही होत नव्हतें. एक दिवस ताप नव्हता. तूं नऊ दिवस तोंड फिरवून पडलीस म्हणून मी त्या टेबलावर जाऊन झोपलें. भ्यालें होतें मी. तुला ठाऊक नाहीं किती भ्यालें होतें."

"ते तुझ्या भल्यासाठी होतं."

"तें मला नंतर कळलें. तेव्हां मी तुझ्यासाठीं गेलें." तिनं माझ्या पुढ्यातली भाजीची परात उचलून बाजूला ठेवली आणि जमिनीवर बसली, पोटाला हात धरून, दुखत असणार. "मी तुझं ऐकलें. आतां तूं माझं ऐक. एकदां घे. एक खेप. मग पुढचें मी कांही म्हणणार नाहीं."

मी म्हणाले, "एक खेप."

"एक."

तिला उठता येईना. मी तिला आधार द्यायला वाकले आणि मलाही उठता येईना, तेव्हा यजमान आले आणि त्यांनी आम्हां दोघींना एकेक करून उठवलं.

सोमवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं तिरुच्चीला गेलो. अक्काला खिडकी दिली.